उरलेली पाच घरं

मार्युनच्या हातांना माशाचा वास होता, आणि तो घालवायचे सगळे उपाय तिने पंचविशीतच सोडून दिले होते. लिंबू झालं, कॉफीचा चोथा झाला, दात घासायची पेस्टसुद्धा झाली. सोळाव्या वर्षी ती नोरविकच्या मासळी कारखान्यात सुरी घेऊन उभी राहिली होती आणि एकतिसाव्या वर्षीही त्याच पट्ट्यासमोर, डावीकडून तिसरी, उभी होती. पट्ट्यावरून कॉड मासा यायचा. ती कल्ल्यामागे सुरी घालायची, काट्याला घासत शेपटीपर्यंत न्यायची आणि मांस अलगद उचलून घ्यायची. हात इतके सरावले होते की त्यांच्याकडे बघावं लागत नसे. पायांना तर तिथे काहीच काम नव्हतं, म्हणून ते आपलं वेगळंच काही करत राहायचे. रबरी बुटांत, ओल्या सिमेंटवर, डावीकडे दोन पावलं, उजवीकडे एक.

"मार्युन, निघालीस कुठे?" मुकादम ओरडायचा.

"कुठे नाही. तुझ्यापासून जरा लांब."

ही पावलं नोरविकमध्ये कुणाला शिकवावी लागत नसत. लाकडी फरशीच्या सभागृहात हात धरून वर्तुळ करायचं, म्होरक्याने पोवाड्याचं एकेक कडवं सांगायचं, सगळ्यांनी ध्रुपद उचलायचं. वाद्य नाही. फरशी हेच वाद्य. मार्युनचा बाप साकारिस हा गावचा म्होरक्या होता आणि त्याचे नियम दोनच होते. वर्तुळ तोडायचं नाही आणि गाणं अर्ध्यावर सोडायचं नाही. एकदा साठाव्या कडव्याला कुणीतरी आत येऊन त्याला सांगितलं, तुझ्या बोटघराचं छप्पर वाऱ्याने उचललं. साकारिसने मान हलवली, उरलेली चाळीस कडवी म्हटली, मग टोपी घालून छप्पर शोधायला गेला. तोवर ते खाडीच्या पलीकडे पोहोचलं होतं.

मार्युन सात वर्षांची असताना बापाच्या आणि शेजारणीच्या हातांच्या मध्ये शिरली. विसाव्या वर्षी तिने तोर्शाव्न या बेटांच्या राजधानीतल्या एका मोडलेल्या बँडचे ड्रम विकत घेऊन बोटीतून घरी आणले, तेव्हा बाप दारात उभा राहून बघत होता.

"ढोल कुणाला लागतो माहीत आहे?" तो म्हणाला. "ज्याचे पाय चालत नाहीत त्याला."

"मोठा आहे ना, तो पायानेच वाजवायचा असतो," मार्युन म्हणाली. "सरक. आत घेऊ दे."

बाप सरकला, पण पुढची दहा वर्षं तो तिचं वाजवणं ऐकायला म्हणून कधी आला नाही.

तिच्याबरोबर दोघं वाजवायची. हेयिन हा खलाशी. मासे आटले, त्याचं जहाज बंदराला बांधून पडलं, तेव्हापासून त्याच्या हातात गिटार होती. गाणी तोच लिहायचा. रान्वा पोस्टात शिक्के मारायची आणि बास गिटार वाजवायची. तिघं मिळून सराव करायची ती रान्वाच्या यात्लुरमध्ये. मटण वाळवायची ही फटींची खोपटी तिथे घरोघर असते. एका फळीतून वारा आत यायचा, दुसरीतून बाहेर जायचा, आणि डोक्यावर मेंढ्यांच्या तंगड्या हलत राहायच्या. बँडला दुसरं नाव सुचलंच नाही. यात्लुर हेच नाव पडलं.

हेयिन गिटारवर चाराच्या मापात वाजवायचा आणि मार्युनचा पाय मोठ्या ढोलावर सहाच्या मापात पडायचा. हे तिने ठरवून केलं नव्हतं. गाण्याची ओळ आणि पाऊल पहिल्या ओळीला बरोबर निघत, मग एकमेकांपासून लांब जात आणि दर तिसऱ्या ओळीनंतर पुन्हा एका ठिकाणी येत. याला साकारिसच्या भाषेत पाऊल घरी येणं म्हणत. शिवाय गोष्ट रंगात आली की तिचा वेग थोडा वाढायचा, कारण वर्तुळात तसाच वाढतो.

मग ती दोन वाईट वर्षं आली. कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालू लागला. लोक डेन्मार्कला जाऊ लागले. आधी तरणी पोरं गेली, मागून अख्खी घरं. दोन हिवाळ्यांत नोरविकमधली सतरा घरं बंद झाली. हेयिनने त्यांचं गाणं केलं. एका घराला एक कडवं, आणि कडव्यात घराचं नाव, जसं गावात म्हणतात तसं. ओढ्यापलीकडचं. वरच्या कुंपणाजवळचं. सोळावं होतं खडकाखालचं, म्हणजे मार्युनच्या थोरल्या बहिणीचं, सुन्नेवाचं. ती नवऱ्या-मुलांसकट ओल्बोर्गला गेली होती आणि किल्ली मार्युनकडे ठेवून गेली होती. दर रविवारी मार्युन तिथे जाऊन नळ सोडायची आणि खिडक्या उघडायची.

१९९५च्या फेब्रुवारीत कोपनहेगनहून प्रेबेन आला. तिथल्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीचा तो माणूस. त्याने उन्हाळ्यात तोर्शाव्नला यात्लुर ऐकलं होतं. जहाजातून त्याची यंत्रं आली आणि मीठ साठवायच्या जुन्या गोदामात मांडली गेली. मुकादमाच्या खोलीला गोदामात बघायची खिडकी होती, तिच्यामागे प्रेबेन बसला. नऊ गाणी, अकरा दिवस. यात्लुरचं पहिलं रेकॉर्ड.

पहिल्याच दिवशी त्याने तिघांच्या मध्ये लाकडी आडोसे उभे केले. याचा आवाज त्याच्या मायक्रोफोनमध्ये जायला नको, म्हणून. मार्युनने आल्या आल्या तिचा आडोसा उचलून भिंतीला लावला.

"हे काय?" प्रेबेनने विचारलं. तो डेनिशमध्ये बोलायचा आणि ती शाळेत शिकलेल्या डेनिशमध्ये, आपल्या गावच्या हेलात उत्तर द्यायची.

"मला त्यांचे चेहरे दिसायला हवेत."

"चेहरे रेकॉर्डमध्ये येत नाहीत."

"नाही आले तर कळतं," ती म्हणाली.

तो हसला. सभ्य माणूस होता. म्हणाला, ठीक आहे, तूर्तास असंच. तिघं वर्तुळात बसली, एकमेकांकडे तोंड करून, आणि पाच दिवसांत आठ गाणी झाली. हेयिन असा कधी गायला नव्हता. शेवटच्या सुरावर त्याचा आवाज चिरायचा आणि तरीही तुटायचा नाही. खिडकीमागे प्रेबेन डोळे मिटून बसायचा. एकदाच त्याने गाण्याच्या मध्यावर हात हलवून थांबा म्हणून खूण केली. तिघांनीही ती पाहिली आणि तिघंही शेवटच्या कडव्यापर्यंत वाजवत राहिली.

"मी थांबा म्हणत होतो," तो नंतर म्हणाला.

"पाहिलं आम्ही," रान्वा म्हणाली. "पण गाणं चालू होतं ना."

सहाव्या दिवशी प्रेबेनने कॉफी ओतली, सगळ्यांना दिली आणि बोलायला सुरुवात केली. गाणं उत्तम. आवाज उत्तम. प्रश्न फक्त ढोलाचा. ढोल गाण्यापासून भरकटतो, आणि शेवटाकडे पळतो. कोपनहेगनमध्ये त्याच्या ओळखीचा एक फार चांगला वादक होता. तो हे सगळं दोन दिवसांत नव्याने वाजवून देईल. फक्त अडचण अशी की तिघांनी एकाच खोलीत आडोशांशिवाय वाजवल्यामुळे मार्युनचा ढोल हेयिनच्या मायक्रोफोनमध्येही शिरला होता आणि रान्वाच्याही. तो एकटा काढता येत नव्हता. म्हणून हेयिनने आणि रान्वाने कानाला हेडफोन लावून, त्यातल्या यंत्राच्या टकटकीवर, आपापलं पुन्हा एकदा करावं.

"आणि मी?" मार्युनने विचारलं.

"तुझं नाव कव्हरवर राहील. नक्की राहील."

"नाव कशाला? मी वाजवलेलं नसताना?"

"लोक म्हणतील ढोलवाली चुकली. मी तुला त्यातून वाचवतोय."

"कोणते लोक?"

"सगळे."

"नोरविकमध्ये आम्ही सगळे एकशे नव्वद आहोत," ती म्हणाली. "त्यांतला एकही म्हणणार नाही."

हेयिन कपातल्या कॉफीकडे बघत होता. मार्युनला तेच जास्त लागलं. बाहेर आल्यावर ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"तू गप्प का बसलास?"

"मार्युन, आयुष्यात एकच रेकॉर्ड होणार आहे आपलं. बाहेर ऐकलं जाईल असं."

"म्हणूनच तर."

"तुझं काय जातंय? तू तर इथेच राहणार आहेस."

हे बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. मार्युनलाही कळलं, हा जाणार.  वारा असा होता की पुढचं बोललेलं ऐकूच आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी हेयिनने हेडफोन लावून एक गाणं म्हटलं. एकही चूक नव्हती. रान्वाने ते ऐकलं आणि बास भिंतीला टेकवून ठेवली.

"पोस्टात तक्रार नोंदवायला आल्यासारखा गायलास," ती म्हणाली. "माझं राहू दे. मी कुणाकडे बघून वाजवू? या वायरकडे?"

प्रेबेनने घड्याळ पाहिलं. सोमवारी दुपारच्या बोटीने तो निघणार होता. सोमवारी सकाळी शेवटचं गाणं व्हायचं होतं, सतरा घरांचं, आणि त्याच्या मते त्यात चारच कडवी हवी होती. टकटकीवर स्वच्छ रेकॉर्डिंग झालं तर कंपनी रेकॉर्ड काढेल, नाहीतर काढणार नाही. त्याने हे आवाज न चढवता सांगितलं. पर्याय दोनच होते आणि मार्युनला ते समजले.

शनिवारी वादळ होतं आणि कुठूनही कुठे जाता येत नव्हतं. चर्चचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू व्हायच्या आधीचा तो शनिवार, सभागृहात नाच होता. सहा वाजता रान्वा प्रेबेनला घेऊन आली. एकटा खोलीत बसून काय करणार, म्हणून. तो दाराजवळ उभा राहून बघणार होता. साकारिसने त्याचा हात धरला आणि त्याला आपल्या शेजारी वर्तुळात ओढलं.

पोवाडा एकशे सतरा कडव्यांचा होता. तिसाव्या कडव्याला प्रेबेन घामाघूम झाला. त्याने हात सोडवायचा प्रयत्न केला. चाळीस वर्षं बोटीवर दोर ओढलेला साकारिसचा हात सुटला नाही.

"नायक अजून बोटीतसुद्धा बसला नाही," साकारिस दोन कडव्यांच्या मध्ये म्हणाला, "आणि हा निघाला घरी!"

सगळं वर्तुळ हसलं आणि हसत हसतच ध्रुपदावर आलं. समोरच्या बाजूला मार्युन होती. प्रेबेनचे पाय आधी इतरांच्या पायांत अडकत होते, मग कमी अडकू लागले. साठाव्या कडव्याच्या सुमारास त्याने मान खाली घातली आणि ओठ हलवायला लागला. तो मोजत होता. लढाई आली तसा वेग वाढला, फरशी हादरू लागली, खिडक्यांच्या काचा वाजू लागल्या, आणि त्याचा पाय एकदाही चुकला नाही.

नंतर वाळलेल्या मटणाची बशी हातात घेऊन तो मार्युनजवळ आला. केस कपाळाला चिकटले होते.

"सहा," तो म्हणाला. "तू सहा मोजतेस. दर तिसऱ्या ओळीला ते जुळतं. आणि पळत नाहीस तू, लढाई येते म्हणून..."

"हो."

"मला कळलं."

"मग?"

त्याने मटणाचा तुकडा हातात फिरवला. "मग काही नाही. रेडिओवाले चार मोजतात. मला कळलं म्हणून त्यांना कळणार नाही. बदलावंच लागेल."

मार्युनला राग येईल असं तिचं तिलाच वाटलं होतं, पण आला नाही. उलट हलकं वाटलं. इतके दिवस तिला वाटत होतं की या माणसाला एकदा समजलं की झालं. आता त्याला समजलं होतं आणि काहीही बदललं नव्हतं. म्हणजे आता समजावून सांगायचं कुणालाच काही उरलं नव्हतं.

मागे साकारिस पाणी पीत उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"काय बदलायचं म्हणतोय तो?"

"माझं वाजवणं. पाऊल चुकतं म्हणतात."

बापाने पेला खाली ठेवला. "कुणाचं पाऊल? आपलं?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता टोपी घातली.

सोमवारी सकाळी मार्युन मुकादमाकडून तीन तासांची सुटी घेऊन गोदामात आली. एप्रन अंगावरच होता. तिने हेडफोन मागितले. प्रेबेनचा चेहरा उजळला. हेयिन चकित झाला, रान्वाने तोंड फिरवलं.

आधीच्या आठांपैकी एक गाणं तिने हेडफोन लावून वाजवलं. चारात. टकटकीला धरून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जराही इकडेतिकडे न होता. कॉड कापताना जसा तिचा हात चालायचा तसा.

खिडकीमागे प्रेबेन उठून उभा राहिला. "हेच! हेच म्हणत होतो मी!"

मार्युनने हेडफोन काढले आणि मिठाची पोती तोलायच्या हुकाला अडकवले.

"मला येतं," ती म्हणाली. "एवढंच तुला दाखवायचं होतं. येत नाही म्हणून करत नाही, असं कुणी म्हणायला नको."

"येतंय तर मग..."

"येतं म्हणून करायलाच हवं का?"

तिने हेयिनकडे पाहिलं.  हेयिनने आपल्या बाजूचा, पुन्हा उभा केलेला आडोसा पायाने ढकलून दिला, तो मोठा आवाज करत पडला, आणि हेयिन खुर्ची ओढून वर्तुळात बसला.

"सतराही," मार्युन म्हणाली.

"रिळावर आठ मिनिटं उरली आहेत," प्रेबेनने खिडकीतून ओरडून सांगितलं. "दुसरं रीळ नाही. चार कडवी!"

तिने सुरुवात केली.

पहिलं घर, दुसरं घर. चौथ्या घरानंतर प्रेबेनने हात हलवला. पाचवं घर आलं. तो खोलीतून बाहेर गोदामात आला, दोन्ही हात वर करून उभा राहिला, मग पुन्हा आत गेला. त्याचं बोट यंत्राच्या बटणावर होतं, हे तिघांनाही दिसत होतं. त्याने ते का दाबलं नाही, हे त्याने पुढे कधीही सांगितलं नाही. हेयिन एकेका घराचं नाव घेत होता, जणू दारावर थाप मारतोय, आणि मार्युनचा पाय त्याच्यापासून लांब जात होता आणि परत येत होता. बाराव्या घराच्या दुसऱ्या ओळीवर रीळ संपलं. टेपचं सुटं टोक फिरत्या चकतीवर फटफट आपटू लागलं.

तिघंही थांबली नाहीत. उरलेली पाच घरं त्यांनी त्या फटफटीवर म्हटली. खडकाखालच्या घराला मार्युनने झांजेला हात लावला नाही, फक्त पाय चालू ठेवला.

प्रेबेनने चकती हाताने थांबवली. "तुटलं अर्ध्यात," तो म्हणाला. थकलेला दिसत होता. "अजून काही करता येईल. शेवट हळूहळू मंद करून मिटवून टाकता येईल. कळणार नाही."

"नको," मार्युन म्हणाली. "जिथे संपलं तिथे संपू दे."

"लोकांना वाटेल टेप खराब आहे."

"वाटू दे."

दुपारच्या बोटीने प्रेबेन गेला. यंत्रं घेऊन गेला, रिळं टेबलावर ठेवून गेला. रिळांच्या डब्यावर त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं: ढोल बदलू नये. ते वाक्य त्याने कुणासाठी लिहिलं, हे कुणालाच कळलं नाही, कारण ढोल बदलू शकणारा एकटा तोच होता.

रेकॉर्ड निघालं जूनमध्ये, तोर्शाव्नच्या एका पुस्तकवाल्याने काढलं, तीनशे प्रती. कव्हरवर रान्वाच्या खोपटीचा फोटो होता. मेमध्येच हेयिन कोपनहेगनला गेला होता. कुठल्याशा गोदीत काम मिळालं होतं. जाताना तो मार्युनकडे आला.

"काढा रेकॉर्ड," तो म्हणाला. "तू म्हणतेस तसंच. पण मी नसेन इथे."

"किल्ली?"

त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली. आता ती रविवारी दोन घरांचे नळ सोडायची.

जुलैच्या एका सकाळी कारखान्यातल्या रेडिओवर निवेदिका म्हणाली की आता नोरविकच्या यात्लुरचं गाणं ऐकू या. पट्ट्यावरच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणी आवाज वाढवला. मार्युनने मान वर केली नाही. सुरी कल्ल्यामागे, काट्याला घासत, शेपटीपर्यंत.

बाराव्या घरावर गाणं कापल्यासारखं थांबलं. निवेदिकेने माफी मागितली. रेकॉर्डमध्ये काही दोष असावा, असं ती म्हणाली, आणि हवामान सांगायला लागली.

"दोष म्हणे!" उजवीकडून दुसरी, जाडजूड इर्मा, म्हणाली. "आमच्या दिराचं घर राहिलं की त्यात."

गावाला सगळी सतरा कडवी पाठ होती. तिने तेरावं घर म्हणायला घेतलं. तिला सूर नव्हता, कधीच नव्हता. शेजारणीने ध्रुपद उचललं. मग पट्ट्यापाशी रबरी बूट आपटू लागले, डावीकडे दोन, उजवीकडे एक, ओल्या सिमेंटवर, पाणी उडवत. चौदावं. पंधरावं. मुकादम धावत आला, पट्ट्यावर मासे साचलेत म्हणून ओरडू लागला. पण मासे साचले नव्हते. हात चालूच होते. खडकाखालचं घर आलं तेव्हा सगळ्या मार्युनकडे बघू लागल्या, आणि तिने ते कडवं एकटीने म्हटलं. हळू नाही, मोठ्याने.

सतरावं झालं. बूट थांबले. मार्युनचे थांबले नाहीत.

"संपलं की गं," इर्मा म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. तिने आवाज खाली आणला. "हेयिनचं राहिलं, नाही? अठरावं. तूच म्हण. तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे ते घर?"

"ते मी म्हणणार नाही," मार्युन म्हणाली. पट्ट्यावरून पुढचा मासा आला, तिने तो ओढून घेतला. "त्याला म्हणावं, स्वतः ये आणि म्हण. तोवर मी पाऊल चालू ठेवते."